हायफन कोणाचा?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या प्रात्यक्षिकांत ‘अ‍ॅड्रेस बुक’ ही असाइनमेंट कित्येक वर्षे चालत आली आहे. शेल स्क्रिप्ट लिहायची. पत्त्यांची वही तयार करणे, पाहणे, नोंद घालणे, काढणे, बदलणे आणि बाहेर पडणे एवढ्या सोयी द्यायच्या. नाशिकच्या महाविद्यालयांत आयटी किंवा संगणक शाखेत शिकलेल्या अनेकांनी ती लिहिलेली असते, निदान वरच्या वर्गातल्या कुणाच्या जर्नलमधून उतरवलेली असते. साचा ठरलेला: पडद्यावर एक ते सहा आकडे, मग ‘रीड’, मग लांबलचक ‘केस’. स्क्रिप्ट चालते, मार्क मिळतात. पण तीच स्क्रिप्ट रात्री दोनला क्रॉनमधून चालवायची म्हटली की अडते, कारण तिथे आकडा दाबायला माणूस नसतो. काय हवे ते कमांडच्या ओळीतच लिहून द्यावे लागते. आर्ग्युमेंट म्हणतात ते हेच, आणि आमच्याकडे त्याचे शिक्षण बहुधा ‘डॉलर एक, डॉलर दोन’पाशी संपते.

हे पुस्तक तिथून पुढचे आहे. त्यातही त्याचा विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: सीडी, इको, टेस्ट, रीड, सेट, किल, प्रिंटएफ या शेलच्या पोटातल्या बिल्ट-इन कमांड आपल्या वाट्याला आलेले शब्द कसे वाचतात, एवढाच. इतक्या छोट्या विषयावर अख्खे पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की स्क्रिप्टमधल्या ज्या चुका पकडायला सर्वांत अवघड जातात, त्यांतल्या बऱ्याच याच पट्ट्यात राहतात.

(प्रस्तावनेत कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. आतल्या पानांत त्या जशा टंकायच्या तशाच छापल्या आहेत.)

मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते: कमांडला शब्द मिळतात, त्या शब्दांचे मूळ गाव मिळत नाही. आपण ओळ लिहून एंटर दाबतो, तेव्हा शेल आधी तिचे तुकडे करतो, व्हेरिएबलच्या जागी त्यांच्या किमती घालतो, त्या किमतींत मोकळ्या जागा असतील तर पुन्हा तुकडे पाडतो, तारा-प्रश्नचिन्हांच्या जागी फायलींची नावे भरतो आणि शेवटी अवतरणचिन्हे काढून टाकतो. एवढे सगळे झाल्यावर उरलेली शब्दांची यादी कमांडच्या हाती पडते. त्या यादीत ‘-एन’ असा शब्द असला, तर तो तुम्ही हाताने लिहिला, व्हेरिएबलमधून आला, की ‘-एन’ याच नावाची फाइल फोल्डरमध्ये पडली होती म्हणून तारा-चिन्हातून आला, हे कळायला मार्ग नाही. हुकूम आणि माल एकाच रांगेत उभे, आणि दोघांना वेगळे करणारी खूण एकच, शब्दाच्या सुरुवातीचा हायफन. तो हायफन कोणाचा, हुकूम देणाऱ्याचा की मालाचा? ऑप्शन वाचण्याचे जेवढे म्हणून नियम गेल्या पन्नास वर्षांत झाले, ते सगळे या प्रश्नावरचे तह आहेत, असे मी मानतो. पुस्तकाची मांडणीही त्याच धाग्यावर आहे.

हे असेच असायला हवे होते असे नाही. डॉसवर संगणक शिकलेल्या पिढीला ‘डीआयआर /डब्ल्यू /पी’ आठवत असेल. तिथे कमांडच्या नावापुढची सगळी शेपटी न तोडता, न बदलता कमांडच्या हवाली होई आणि जो तो आपापल्या पद्धतीने ती वाचे. त्यामुळे ‘डेल’ला ‘तारा-बिंदू-तारा’ प्रत्यक्ष दिसत असे आणि ‘नक्की सगळे पुसायचे का?’ असे तो विचारू शके. युनिक्सवरच्या ‘आरएम’ला तारा कधी दिसतच नाही, त्याला दिसतात फक्त नावे. डॉसमध्ये हेतू शाबूत राही, पण प्रत्येक प्रोग्रॅमची वाचण्याची तऱ्हा वेगळी. युनिक्सने तोडण्याचे काम शेलकडे एकदाच दिले, सगळ्या कमांडना ते फुकट मिळाले, आणि त्या बदल्यात मूळ गाव हरवले. मला हा सौदा फायद्याचा वाटतो. पण तो सौदा होता, हे विसरता कामा नये.

आता बिल्ट-इनकडे. काही कमांड शेलच्या पोटात का ठेवाव्या लागतात, याची एक जुनी हकिगत डेनिस रिची यांनी युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांविषयी लिहिताना नोंदवली आहे. पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स घडत असताना ‘फोर्क’ आले, म्हणजे प्रत्येक कमांडसाठी शेल स्वतःची नवी प्रक्रिया जन्माला घालू लागला. आणि फोल्डर बदलणारी ‘सीएचडीआयआर’ अचानक काम करेनाशी झाली. शोधाशोध केल्यावर कळले की ती काम करत होती, अगदी चोख करत होती. फक्त नव्याने जन्मलेल्या प्रक्रियेचा फोल्डर बदलत होती आणि ती प्रक्रिया लगेच मरत होती. शेल होता तिथेच. म्हणून ती शेलच्या आतच चालवणे भाग पडले. आजही ‘सुडो सीडी’ टंकून चकित होणारे विद्यार्थी दिसतात, त्यांचे कोडे हेच. गंमत म्हणजे पॉझिक्स मानकानुसार ‘सीडी’ बाहेरची कमांड म्हणूनही चालवता यावी लागते, त्यामुळे मॅकओएसवर खरोखरच अशी एक फाइल आहे, जी इमानेइतबारे फोल्डर बदलते आणि प्राण सोडते.

पोटात राहण्याचे परिणाम आर्ग्युमेंट वाचण्यावर होतात. बाहेरची कमांड ऑप्शन न कळल्यास निरोप छापून सरळ मरू शकते. बिल्ट-इनला ती मुभा नाही, कारण ती मेली तर शेल मरतो आणि वापरणारा बाहेर फेकला जातो. सी भाषेच्या ग्रंथालयातले ‘गेटऑप्ट’ आपण कितव्या शब्दापर्यंत आलो हे एका सामाईक व्हेरिएबलमध्ये धरून ठेवते. एकदाच चालून संपणाऱ्या प्रोग्रॅमला ते पुरते. शेलमध्ये मात्र एका बिल्ट-इनच्या पाठोपाठ दुसरी, तीच पुन्हा, फंक्शनच्या आत फंक्शन, असे हजारो वेळा तेच काम चालते. मागचीची खूण पुसली नाही तर पुढचीचे वाचन भलत्याच जागेपासून सुरू होते. बॅशच्या मूळ कोडमध्ये प्रत्येक बिल्ट-इन वाचायला लागण्यापूर्वी ही खूण पुसणारी ओळ दिसते ती यासाठीच. आणि फंक्शनमध्ये ‘गेटऑप्ट्स’ वापरणाऱ्यांना ‘ऑप्टइंड’ हे खूण धरणारे व्हेरिएबल लोकल करायला सांगतात, तेही यासाठीच.

दुसऱ्या बाजूला फायदेही आहेत. लिनक्समध्ये बाहेरच्या कमांडला द्यायच्या आर्ग्युमेंटच्या एकूण लांबीवर मर्यादा असते, सामान्य मांडणीत सुमारे २ एमबी. लाखो फायलींच्या फोल्डरमध्ये ‘एलएस’पुढे तारा टाकला तर यादी फार लांब झाल्याची तक्रार येते, ‘प्रिंटएफ’पुढे टाकला तर येत नाही, कारण ती मर्यादा नवी प्रक्रिया सुरू करतानाची आहे आणि इथे ती सुरूच होत नाही. त्याच कारणाने बिल्ट-इनला दिलेला पासवर्ड ‘पीएस’च्या यादीत उघडा पडत नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएसचे डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालतात. तिथे काम करणाऱ्याला हा फरक परीक्षेसाठी नव्हे, रोजच्या ड्युटीसाठी लागतो.

इतिहास थोडक्यात. हायफनने सुरू होणारे ‘कंट्रोल आर्ग्युमेंट’ मल्टिक्समध्ये होते. युनिक्सने हायफन ठेवला आणि शब्दाचे एक अक्षर केले. १९७१चा केन थॉम्पसन यांचा शेल, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला स्टीफन बोर्न यांचा शेल, बर्कलीत बिल जॉय यांचा सी शेल: या काळात जो तो आपल्या हाताने पहिले अक्षर तपासून ऑप्शन वाचत असे. १९८०च्या सुमारास सिस्टिम-३ मध्ये ‘गेटऑप्ट’ आले. एटी अँड टीने १९८५ साली डॅलसच्या युनिफोरम परिषदेत त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि वाचण्याची एक समान रीत पसरली. १९८६ साली शेलमध्येच ‘गेटऑप्ट्स’ ही बिल्ट-इन आली. त्याआधीची ‘गेटऑप्ट’ नावाची बाहेरची कमांड मोकळ्या जागा असलेल्या आर्ग्युमेंटचे तुकडे करून टाकत असे. १९९२च्या पॉझिक्स मानकाने हे सारे कलमबद्ध केले. एका अक्षराचे ऑप्शन, ते एकत्र जोडण्याची मुभा, ऑप्शन आधी आणि माल नंतर, आणि दोन हायफन आले की ऑप्शन संपले. ग्नूने लांब नावांचे ऑप्शन आणले आणि ते ओळीत कुठेही टाकण्याची सवय लावली. बिल्ट-इन ती सवय पाळत नाहीत: बॅशमध्ये ‘सीडी /टीएमपी -पी’ लिहिले तर आर्ग्युमेंट जास्त झाल्याचे ऐकावे लागते.

कलमे झाली, पण जुन्या कमांडना ती लागू करता आली नाहीत. यात ‘इको’चे प्रकरण मोठे आहे आणि पुस्तकात त्याला सर्वांत जास्त पाने गेली आहेत, ती उगाच नाहीत. सातव्या आवृत्तीच्या इकोला ‘-एन’ कळे, म्हणजे शेवटी नवी ओळ नको. एटी अँड टीच्या पुढच्या शाखेने ते काम उलट्या तिरक्या रेघेच्या खुणांकडे दिले. दोन्हीकडे स्क्रिप्टचे डोंगर उभे राहिले. मानक लिहिणाऱ्यांनी हात टेकले: इकोला ऑप्शन नाहीत, दोन हायफन दिले तर तेही छापावेत, पहिलाच शब्द ‘-एन’ असेल तर काय व्हावे ते ज्या-त्या शेलने ठरवावे. त्याचे फळ २००६ साली दिसले. उबंटूच्या ६.१० आवृत्तीत ‘/बिन/एसएच’ या नावामागे बॅश जाऊन डॅश हा छोटा, वेगवान शेल आला. २०११ साली डेबियननेही तेच केले. बॅशच्या सवयीने ‘इको -ई’ लिहिलेल्या स्क्रिप्ट तिथे मुकाट्याने ‘-ई’ हा शब्दही छापू लागल्या. एरर नाही, काही नाही. तयार होणाऱ्या फायलीच्या सुरुवातीला दोन अक्षरे जास्त. एकाच यंत्रावरसुद्धा दोन इको असतात हे अनेकांना ठाऊक नसते. ‘इको --व्हर्जन’ टंका, बॅशमधला इको तेच शब्द परत छापेल; ‘/बिन/इको --व्हर्जन’ टंका, ग्नूचा इको आपली आवृत्ती सांगेल. नव्या स्क्रिप्टमध्ये इको फक्त ठरावीक, आपण स्वतः लिहिलेल्या मजकुरासाठी वापरावा आणि व्हेरिएबल छापायला प्रिंटएफ, या मताचा मी आहे. यावर भांडायला तयार आहे.

‘टेस्ट’ची, म्हणजे चौकोनी कंसाची, गोष्ट वेगळी. तिथे हायफन ऑप्शनचा नसून क्रियेचा आहे, आणि ‘टेस्ट’ शब्दांचा अर्थ त्यांच्या संख्येवरून ठरवते. एकच शब्द असेल तर तो रिकामा नाही ना एवढेच पाहायचे; दोन असतील तर पहिला शब्द क्रिया; तीन असतील तर मधला. म्हणून अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली ‘-एन डॉलर नाव’ ही तपासणी नाव रिकामे असताना ‘खरे’ ठरते: रिकामे व्हेरिएबल नाहीसे होते, ‘-एन’ एकटा उरतो, आणि ‘-एन’ हा शब्द काही रिकामा नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही बाजूंना ‘एक्स’ चिकटवून तुलना केलेली दिसते. हा संख्येचा नियम पक्का नव्हता आणि व्हेरिएबलमधली किंमतच क्रिया समजली जाण्याची भीती होती, त्या काळातली ही पुटे आहेत.

‘किल’ आणि ‘सेट’ यांच्याकडे धोका जास्त, गुंतागुंत कमी. ‘किल -१’पुढे प्रक्रियेचा क्रमांक दिला तर त्या प्रक्रियेला हँगअपचा सिग्नल जातो, ‘किल -- -१’ म्हटले तर, अधिकार असेल तिथवर, सगळ्याच प्रक्रियांना संपण्याचा. रूट म्हणून बसलेल्याने हे दोन्ही एकदा सावकाश वाचावे. ‘सेट’ला रिकाम्या व्हेरिएबलबरोबर बोलावले तर तो समजतो की आर्ग्युमेंटच नाहीत आणि सगळी व्हेरिएबल पडद्यावर ओततो. शिवाय ‘सेट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘शिफ्ट’ धरून पंधरा बिल्ट-इन मानकाने ‘विशेष’ मानल्या आहेत: त्यांच्या ऑप्शनमध्ये चूक झाली तर स्क्रिप्टच थांबावी असा नियम. डॅश तो पाळतो, बॅश आपल्या नेहमीच्या वागणुकीत पाळत नाही.

हे वाचन कोणी करायचे, यावर शेल लिहिणाऱ्यांचे पंथ पडले आहेत. बॅश ब्रायन फॉक्स यांनी लिहून १९८९ साली प्रसिद्ध केला. पुढे क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या चेट रेमी यांनी तो दशकानुदशके सांभाळला. त्याच्या पंथात प्रत्येक बिल्ट-इन स्वतः वाचते, पण ‘इंटर्नल गेटऑप्ट’ या सामाईक हत्याराने. अक्षरापुढे अपूर्णविराम असला तर किंमत हवीच, अर्धविराम असला तर चालेल तर घ्या, सुरुवातीला अधिक चिन्ह असले तर ‘+एक्स’सारखे उलटे ऑप्शनही मान्य. पॉल फाल्स्टॅड यांच्या झेडशेलमध्ये उलट: एका तक्त्यात प्रत्येक बिल्ट-इनची ओळ, नाव, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आर्ग्युमेंट किती, कोणती अक्षरे चालतील, वाचणारा एकच, आणि बिल्ट-इनला निकाल तयार मिळतो. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलच्या १९९३च्या आवृत्तीने एकाच वर्णनातून वाचन आणि मदतीचे पान दोन्ही काढण्याचा घाट घातला. कल्पना सुंदर, पण ते वर्णन वाचताना डोके गरगरते. डॅशने सगळे एका छोट्या फंक्शनवर भागवले. फिश शेलने २०१७ साली ‘आर्गपार्स’ ही बिल्ट-इन देऊन स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हाती चांगले हत्यार ठेवले. माझा कल झेडशेलच्या तक्त्याकडे आहे, कारण नियम एका जागी दिसतात. मात्र ‘किल’सारख्या कमांडला कोणताही तक्ता पुरत नाही, बॅशमध्येही तिचे वाचन हाताने लिहावे लागले आहे.

आज हा विषय पुन्हा टोकाला आला आहे, कारण एकच स्क्रिप्ट आता चार घरांत राहते. लिहिणाऱ्याच्या मॅकवर २०१९पासून झेडशेल, आणि त्याच मॅकवरचा बॅश २००६ सालचा ३.२, सर्व्हरवर डेबियनचा डॅश, अल्पाइनच्या कंटेनरमध्ये बिझीबॉक्सचा अ‍ॅश. शिवाय स्क्रिप्टचा मोठा हिस्सा आता एआयकडून लिहून घेतला जातो, आणि तो बहुधा बॅशच्या बोलीत असतो. काही बिल्ट-इन तर आर्ग्युमेंट दुसऱ्यांदा वाचतात: बॅशमधल्या ‘टेस्ट -व्ही’ला बाहेरून आलेले नाव दिले आणि त्यात अ‍ॅरेच्या कंसात कमांड दडवलेली असली, तर ती चालूही शकते. वेबवरच्या फॉर्ममधून आलेला शब्द स्क्रिप्टपर्यंत पोहोचतो अशा काळात हे दुर्लक्षून चालत नाही. दोन हायफन हा सर्वज्वरहर काढा नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘सीडी -- -’ लिहिले तरी ‘सीडी’ मागच्याच फोल्डरमध्ये नेते, कारण एकटा हायफन तिच्या लेखी ऑप्शन नसून मालच आहे, विशेष अर्थाचा माल.

मराठी वापरणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या नोंदवल्या आहेत. नोट्स वर्डमध्ये टंकल्या की हायफनची लांब रेघ होते, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्गभर फिरते, आणि टर्मिनलवर चिकटवली की ‘सीडी’ तिला ऑप्शन नव्हे, फोल्डरचे नाव समजते. डोळ्यांना फरक दिसत नाही. शेलला ती तीन बाइटांची वेगळीच खूण असते. ‘एक्झिट २’ असे देवनागरी आकड्याने लिहिले तर बॅश अंक मागतो. प्रिंटएफमध्ये दहा जागांचा रकाना मागून ‘नाशिक’ छापले तर बॅशच्या रूढ आवृत्त्यांत शेजारी एकही मोकळी जागा येत नाही, कारण पाच खुणांचा हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८मध्ये पंधरा बाइटांचा आणि मोजणी बाइटांची. झेडशेल खुणा मोजतो, पण वेलांट्या-काने धरून, त्यामुळे रकाने तिथेही सरळ येतीलच असे नाही.

युनिक्सवर इंग्रजीत चांगली पाठ्यपुस्तके आपल्याकडे आहेत. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे शेल प्रोग्रॅमिंगवरचे, सुमिताभ दास यांचे युनिक्सवरचे, ही अनेकांच्या कपाटात असतात. अच्युत गोडबोले यांच्यामुळे संगणकावर मराठीत मोकळेपणाने वाचण्याची सवयही लागली. त्यामुळे इथे शेल पहिल्यापासून शिकवलेला नाही. व्हेरिएबल, ‘इफ’ आणि ‘केस’ येत असतील एवढे गृहीत धरले आहे. सी भाषा येत असेल तर बॅश आणि डॅशच्या मूळ कोडमधले उतारे जास्त कळतील, न येणाऱ्याने ती पाने वगळली तरी धागा तुटणार नाही. पॉवरशेल जवळपास बाहेर ठेवला आहे. तिथे कमांड आपले पॅरामीटर आधीच जाहीर करते आणि वाचनाचे काम शेल करतो, त्यामुळे त्याचे प्रश्नच निराळे आहेत. प्रत्येक बिल्ट-इनच्या सगळ्या ऑप्शनची जंत्रीही नाही. ती ‘हेल्प’ टंकून मिळते.

उदाहरणे निदान दोन शेलमध्ये चालवून पाहावीत. उबंटूवर डॅश आधीपासून असतो, नुसते ‘डॅश’ टंकले की सुरू होतो. झेडशेल आणि बिझीबॉक्स मिनिटभरात बसवता येतात. ‘किल’ची उदाहरणे मात्र दुसऱ्या कुणाचे काम चालू नसलेल्या व्हर्च्युअल मशिनवर, आणि रूट न होता.